मोहाची साखर आणि कायदा

साखर म्हटली की आपल्याला ऊस आठवतो. पण साखर झाडांकडूनही मिळते. कॅनडात वसंताच्या सुरुवातीला मेपल वृक्षाच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. त्यात साखर जेमतेम दोन टक्के असते. म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात साखर देणारे झाड आहे मोह. इथे ती खोडात नव्हे, तर फुलात मिळते. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो.

मार्च-एप्रिलमध्ये फुललेल्या मोहावर पाने जवळजवळ नसतात. मग साखर येते कुठून? आदल्या हंगामात पानांनी तयार केलेल्या आणि झाडाने साठवून ठेवलेल्या अन्नातून. मेपलचेही तसेच. पहाटे मोहाच्या मांसल पाकळ्या गळतात, पण बीजांडकोश फांदीवरच राहतो आणि त्याचे फळ होते. त्यामुळे पडलेले फूल वेचल्याने फळ कमी होत नाही. म्हणूनच भल्या पहाटे घरातील लहानथोर टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेली फुले पुढे कित्येक महिने पुरतात. ती उकडून, भाजून, पिठात मिसळून खातात. दुष्काळात तर ती पोटाचा आधार असत.

पण साखर आंबते आणि तिची दारू होते. इंग्रजी अमदानीत दारूवरील कर हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. घरोघरी दारू गाळली गेली तर हे उत्पन्न बुडणार! म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा केला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुले जवळ बाळगण्यावरच बंधने आणली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. (गडचिरोली त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला.) तिथे परवानाधारकाच्या भट्टीत मोहच शिजे, गुन्हा ठरे तो घरच्या भट्टीचा. फूल तेच, फरक होता कराचा.

स्वातंत्र्यानंतरही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर नियंत्रण राहिले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. गडचिरोलीत मात्र १९९३ पासून दारूबंदी आहे. दारूमुळे घरे उद्ध्वस्त होतात, हा तिथल्या स्त्रियांचा अनुभव खराच आहे. म्हणून फुलाचा हक्क आणि दारूचा धोका हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पाहायला हवेत असे आम्हाला वाटते. १८९२ च्या कायद्याने नेमके तेच केले नाही.

वर्गात एक काम देता येईल. मोहाचे कोणकोणते खाद्यपदार्थ घरात होत असत, हे विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून त्यांची नावे व कृती लिहून आणाव्यात. सरकारी कागदांत मोह बहुधा दारूच्या प्रकरणात सापडतो. त्याचा अन्न म्हणून असलेला इतिहास असाच, घरोघरी विचारून, लिहावा लागेल.