सगळ्यांच्या मागून जेवणारी माणसं

आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं. कुणाचं स्थळ बघायला सुरुवात झाली की मोठी माणसं आवाज बारीक करून म्हणायची, "तेवढं आत्याआजीचं काढू नका हं."

आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. आमचं गाव मराठवाड्यातलं, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. दर उन्हाळ्यात तिचे हात आणि मान भाजल्यासारखी काळी पडायची, सालपटं निघायची. पोट बिघडलेलंच असायचं. मग झोप उडायची, रडू यायचं, आणि शेवटच्या एकदोन वर्षांत तर ती घरच्यांनाही ओळखेना. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे ऊन लागलं. शेवटी सगळ्यांनी मिळून 'वेड' हा शब्द पक्का केला. पोलीस अ‍ॅक्शननंतर दोनतीन वर्षांनी ती गेली. मी तिला पाहिलेलं नाही. पण 'घराण्यात वेड आहे' ही भीती मात्र आम्हा सगळ्या भावंडांच्या वाट्याला आली. हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना वेगळं सांगायला नकोच.

बऱ्याच वर्षांपूर्वी 'पेलाग्रा' या रोगाबद्दल वाचलं आणि ही सगळी लक्षणं ओळीने समोर आली. उन्हात करपणारी कातडी, जुलाब, भ्रम. आणि इलाज झाला नाही तर मृत्यू.

हा रोग मक्याच्या मागोमाग जगभर फिरला. १७३५ साली स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने गरीब शेतकऱ्यांमध्ये तो पाहिला. गळ्याभोवती उमटणाऱ्या पट्ट्याला अजूनही 'कासालचा हार' म्हणतात. पुढे इटलीतल्या मका खाणाऱ्या गरिबांमध्ये तो इतका पसरला की वेड्यांची इस्पितळं त्या रोग्यांनी भरू लागली. गंमत अशी, की मका मूळचा जिथला, त्या मेक्सिकोत हा रोग असा पसरला नाही. तिथले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्याने मक्यात अडकून बसलेलं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, मोकळं होतं. युरोपने मेक्सिकोचं बियाणं नेलं, चुना तिथेच राहिला!

अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उफाळला. १९०६ साली अलाबामातल्या माउंट व्हर्नन इथल्या, काळ्या लोकांसाठी असलेल्या वेड्यांच्या इस्पितळात ८८ जणांना तो झाला आणि त्यातले ५७ दगावले. पुढच्या तीनचार दशकांत त्या देशात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि सुमारे १ लाख मेले, असा अंदाज आहे. लोक म्हणत, संसर्ग असणार. कुणी म्हणे, रक्तातच दोष आहे, आनुवंशिक आहे. (ओळखीचं वाटतंय ना?)

१९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला या कामावर धाडलं. हा लहानपणी आईबापांबरोबर युरोपातून न्यूयॉर्कला आलेला, किराणा दुकानदाराचा मुलगा. त्याने इस्पितळं, अनाथाश्रम पालथे घातले आणि एक साधी गोष्ट हेरली. रोग्यांना पेलाग्रा होतो. त्यांच्यात रात्रंदिवस वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर असं कसं झालं असतं? अनाथाश्रमातही तेच. अगदी लहान मुलांना दूध मिळे, कामाला जुंपलेल्या मोठ्या मुलांना मांस मिळे. मधल्या, सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला मक्याचा सांजा आणि काकवी. पेलाग्रा नेमका त्या मधल्यांना!

कागदोपत्री नोकरांचं आणि रोग्यांचं स्वयंपाकघर एकच होतं. पण नोकर आधी चांगलंचुंगलं काढून घेत, बाहेरूनही आणून खात. रोग्यांना उरलेलं मिळे.

गोल्डबर्गरने जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात आणि मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस, कडधान्यं सुरू केली. रोग जवळजवळ नाहीसा झाला. मग १९१५ साली त्याने उलटं करून पाहिलं. मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावरच्या १२ कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर दूध-मांसाशिवायचं, मक्यावर भर असलेलं जेवण दिलं. एक जण मध्येच गळला. उरलेल्या ११ पैकी ६ जणांना साधारण पाच महिन्यांनी पेलाग्रा झाला. (सुटकेची लालूच दाखवून कैद्यांना आजारी पाडणं आज कुणी चालवून घेणार नाही, आणि तेच बरोबर आहे.) तरी संसर्गवाले ऐकेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गरने, त्याच्या बायकोने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. सहकारी आणि तो तर रोग्यांच्या कातडीचा कोंडा आणि विष्ठा पिठात कालवून गिळण्यापर्यंत गेले. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

इतकं होऊनही पटलं का? नाही. कारण पटवून घेणं महाग होतं. त्याने आणि अर्थतज्ज्ञ सिडेनस्ट्रिकरने दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणी-वस्त्यांत घरोघर जाऊन दाखवलं, की कमाई जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त. म्हणजे औषध डॉक्टरकडे नव्हतंच, ते मजुरीत आणि जमिनीत होतं. १९२१ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने दक्षिणेतल्या उपासमारीबद्दल काळजी दाखवली, तर तिथले पुढारी खवळले. आमच्याकडे कोणी उपाशी नाही, आमची बदनामी करू नका!

गोल्डबर्गर १९२९ साली वारला. नेमकं काय कमी पडतं ते त्याला कळलं नाही. १९३७ साली एल्व्हेहेम या शास्त्रज्ञाने कुत्र्यांना होणारा असाच एक रोग निकोटिनिक आम्लाने बरा केला. तेच हे नायसिन. माणसांना दिलं तेव्हा भ्रमिष्ट झालेले, बांधून ठेवावे लागणारे रोगी काही दिवसांत भानावर येऊन बोलू लागले. ज्याला वेड म्हणत होते, ती एका प्रकारची भूक होती.

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात मका कुठे होता? मलाही तीच शंका होती. पण हैदराबादच्या डॉक्टरांकडे येणारे पेलाग्राचे रोगी मका नव्हे, ज्वारी खाणारे होते. तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं, की ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीनमुळे शरीरात नायसिन बनायला अडथळा येत असावा. पुढे त्यावर वाद झाले, सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. पण कुणी लगेच भाकरी सोडू नका. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक, दूध असेल तर भाकरीसारखं सोनं नाही. ताटात नुसती भाकरी आणि तिखटच असेल, वर्षानुवर्षं, तर गोष्ट वेगळी.

आजी जायच्या आधी एकदा मी तिला विचारलं, "आत्याआजी जेवायची काय गं?" आजी खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती सगळ्यांच्या मागून जेवायची. एकवेळच. दूधदुभतं तिला चालत नाही म्हणायची. तिच्या ताटात काय उरायचं, ते मी कधी वाकून बघितलं नाही रे."

आत्याआजीला पेलाग्राच होता असं मी म्हणत नाही. सत्तर वर्षांनी कुणाचं निदान करणारा मी कोण? आणि प्रत्येक मानसिक आजार ताटातून येतो, अमुक खा नि उदासी पळवा, असंही कृपा करून यातून काढू नका. फोनवर तसले सल्ले रोज फिरतात. ज्याला डॉक्टर हवा त्याला डॉक्टरच हवा.

पण घरातल्या मंडळींना एवढं सांगतो. आता कुणाचं स्थळ बघताना आत्याआजीचं नाव लपवू नका. 'आमच्याकडे वेड आहे' याऐवजी 'आमच्याकडे एक बाई सगळ्यांच्या मागून जेवायची' असं सांगा. त्यात दोष कुणाचा, ते ऐकणाऱ्याला आपोआप कळेल.

असो. तिचा एकही फोटो घरात नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा.