थंड देशात शिकायला जाताय? बीदर-कलबुर्गीतून निघण्याआधीची तयारी

बीदर/कलबुर्गी : भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद भागातली मुलं आता उदगीर, लातूर किंवा हैदराबादपुरती थांबत नाहीत. कॅनडा, जर्मनीच्या कॉलेजांचे अर्ज घरोघरी भरले जात आहेत. फी आणि व्हिसाची चौकशी सगळेच करतात, थंडीची मात्र फार कमी जण करतात. बीदरच्या पठारावर पारा १०-१२ अंशांवर आला की आपल्याकडे शेकोट्या पेटतात. कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीतली रात्र उणे २० च्या आसपास असते.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या. तिथली थंडी आणि परका आहार त्यांना मानवला नाही. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयरोगाने पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं २१. आज औषधं आहेत, उबदार खोल्या आहेत. पण तब्येतीची तयारी हा अभ्यासाचाच भाग आहे, हे तेव्हाइतकंच आजही खरं आहे.

नावाचा घोळ आधी मिटवा
सीमाभागातली ही खास अडचण. दहावी कर्नाटकात, पदवी महाराष्ट्रात झाली की एका गुणपत्रिकेवर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर आधी, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पासपोर्ट, आधार आणि गुणपत्रिका यांतली इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, ते बघा. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून अर्जाच्या वर्षभर आधी सुरुवात करावी. कन्नड किंवा मराठीतल्या दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवावं.

पैशाचं गणित
कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी फी आणि प्रवासखर्च सोडून एका वर्षाचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली. क्विबेक प्रांताचा नियम वेगळा आहे. आकडा बदलत राहतो, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघूनच घ्यावा.

शेती आहे म्हणजे कर्ज मिळेल, असं धरून चालू नका. थकीत कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव यांची कागदपत्रं तयार ठेवा. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तर तो लागतच नाही. कापला गेलाच, तर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

शिष्यवृत्ती रहिवासावर मिळते, भाषेवर नाही. कर्नाटकातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या प्रबुद्ध योजनेची चौकशी करावी. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे.

कपडे : इथून काय, तिथून काय
एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन थर बरे. अंगालगत थर्मल, वर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारा कोट. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओला झाला की तो अंग गार करतो. थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी इथून न्या. जड कोट आणि बर्फावर न घसरणारे बूट तिथेच घ्या, तिथल्या हवेला बेतलेले मिळतात. बूट जाड मोजे घालून मापून बघा. जानेवारीच्या प्रवेशाला जाणाऱ्यांनी मात्र एक बऱ्यापैकी कोट, हातमोजे आणि टोपी विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी. मोठी बॅग उशिरा आली तर पहिल्याच रात्री हाल होतात.

वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. बोटं, नाक, कान बधिर झाले तर चोळू नका. आत जाऊन कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

खोली, खाणं, तब्येत
भाड्यात हीटिंग धरलं आहे का, हे करार करण्याआधी विचारा. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. हीटरच्या कोरड्या हवेने ओठ-टाचा फुटतात, व्हॅसलीन जवळ असू द्या. खोबरेल तेल तिथे बाटलीत घट्टच राहतं.

ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते, नेता येते. पण खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो. बियाणं, रोपं, घरचं दूध-खवा नेऊ नका.

दातांची कामं आणि चष्मा इथेच उरकून घ्या. औषधाची चिठ्ठी मूळ नावासह, इंग्रजीत घ्या. आरोग्य विम्याचा नियम प्रांतागणिक बदलतो, तो कॉलेजलाच विचारा.

घरच्यांसाठी
टोरोंटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. अंधार, एकटेपणा यांनी मूल गप्प गप्प होतं, झोप बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. याला नाटक म्हणू नका. कॉलेजातल्या समुपदेशकाकडे जायला सांगा. तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपल्या सकाळी साडेसातला तिथे आदल्या रात्रीचे नऊ. फोनची वेळ आधीच ठरवून घ्या. आणि फोनवर मार्कांच्या आधी जेवला का, झोपला का, हे विचारा.