पाळणाघराचा पूर्वेतिहास

तान्हें मूल मागें ठेवून पोटासाठीं बाहेर जाणें ज्या मातेस भाग पडतें, तिची अडचण नवी नाहीं. घरांत वडील माणूस असेल तर ती निभते. नसेल तर मूल कोणापाशीं ठेवावें, आणि सांभाळणारणीचें देणें देऊन मजुरींतून उरावें काय? या प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पॅरिस शहराच्या शायो भागांत फिर्मँ मार्बो या गृहस्थानें 14 नोव्हेंबर 1844 रोजीं कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठीं एक घर उघडलें व त्यास ‘क्रेश’ असें नांव दिलें. फ्रेंच भाषेंत क्रेश म्हणजे गव्हाण. बेथलेहेमांत बाळ येशूस जींत निजविलें, तिचेंच तें नांव. मातेनें रोज थोडी फी द्यावी, मधून येऊन मुलास पाजून जावें, आणि उरलेला खर्च उदार लोकांनीं सोसावा, अशी तेथील व्यवस्था होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मुंबईच्या गिरण्यांत हजारों स्त्रिया कामास होत्या. मूल निजून राहावें म्हणून पुष्कळजणी त्यास अफूची गोळी चारीत. त्यांस निर्दय म्हणणें सोपें आहे. पण त्यांच्या मिळकतींत परवडेल अशी दुसरी दाई त्यांस नव्हती.

पुढें 1948 सालच्या कारखाना कायद्यानें 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत 6 वर्षांखालील मुलांसाठीं शिशुगृह आवश्यक केलें. 1976 सालीं ही संख्या 30 वर आणिली. बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं मीरा महादेवन यांनीं 1969 सालीं दिल्लींत फिरत्या पाळणाघरांचें कार्य आरंभिलें. 2017 सालच्या कायद्यानें 50 वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकिली, व त्या मोजणींत पुरुषही धरिले.

परंतु या प्रत्येक कायद्यांत एक संख्या आहे, आणि त्या संख्येबाहेर राहिलेली माताही आहे. घरोघर धुणीं-भांडीं करणारी बाई, टोपली घेऊन बाजारीं बसणारी मासळीवाली, यांस एक धनी नसतो. म्हणून त्यांचें मूल कोणाच्याच गणतींत येत नाहीं. खाजगी पाळणाघराची फी झेपत नाहीं, तेव्हां धाकट्यास थोरलीच्या कडेवर देतात, आणि थोरलीची शाळा सुटते.

म्हणूनच मार्बोची योजना आम्हांस आजही बोधप्रद वाटते. त्यानें मातेस भीक घातली नाहीं, आणि सारा भार तिच्या माथींही मारिला नाहीं. त्यानें वांटा ठरविला. आपल्या धर्मग्रामांत अशा माता कोण आहेत, आणि त्यांच्या वांट्याबाहेरचा भार कोणीं उचलावा, याचा विचार वाचकांनीं या महोत्सवाच्या वर्षीं करावा, इतकीच आमची विनंती आहे.