नानांचे सोवळे आणि पडद्यावरचे आईबाप

गेल्या वीसेक वर्षांत मुलांच्या कार्टूनपटांतले आईबाप बदलले. पूर्वी जाच करायला सावत्र आई किंवा चेटकीण लागायची; आता सख्खे, प्रेमळ आईबापच मुलांना कोंडतात आणि गोष्ट त्यांच्या धाकाचे मूळ शोधत जाते. ‘फाइंडिंग निमो’मधला (२००३) बाप पोराला खडकाबाहेर जाऊ देत नाही, कारण एका हिंस्र माशाने त्याची बायको आणि एक सोडून सगळी अंडी खाल्लेली असतात. ‘एन्कान्तो’मधली (२०२१) आजी सगळ्या घराला मुठीत ठेवते, कारण तरुणपणी पळापळीत तिने नवरा आणि गाव दोन्ही गमावलेले असते. ‘टर्निंग रेड’मध्ये (२०२२) आईच्या धाकामागे तिच्या आईचा धाक निघतो. धाकाच्या पोटात भीती असते आणि त्या भीतीला इतिहास असतो, हे या कार्टूनपटांनी मुलांना नव्याने शिकवले असे कौतुकाने म्हटले जाते. पण हीच मांडणी मराठीत १९३४ सालीच छापून आली होती आणि तिचा शेवट या पटांच्या शेवटापेक्षा जास्त खरा होता. तो शेवट नगर जिल्ह्यात, राहुरीला घडला.

मराठी मुलांपुढे धाक घालणाऱ्या आईबापांचे मुख्यतः दोन साचे होते. पहिला हिरण्यकशिपूचा. कीर्तनातून आणि होळीच्या कथेतून तो घरोघर पोचला. मुलाने कोणाचे नाव घ्यायचे हे बाप ठरवतो, मूल ऐकत नाही आणि शेवटी खांब फुटतो. इथे बाप राक्षसच असल्याने त्याला समजून घ्यायचा प्रश्न येत नाही. दुसरा साचा श्यामच्या आईचा. साने गुरुजींनी ते पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ते आणखी घराघरांत नेले. तिथे आईची शिक्षा म्हणजे मायाच. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला फोकाने मारणारी आई वाचकाला वंदनीयच वाटते. एका साच्यात मोठ्यांचा वध होतो, दुसऱ्यात त्यांची पूजा. मुलाने मोठ्या माणसाकडे डोळे उघडून पाहावे, हसावे आणि तरी त्याला माणूस मानावे, याला दोन्हींत जागा नाही.

ती जागा लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त केली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या आत्मकथेच्या आरंभी त्यांचे वडील नाना गोखले येतात. नानांना सोवळ्याचे वेड. पाणी, कपडे, बाजारातून आलेला जिन्नस, मुलांचा स्पर्श, कशावरच त्यांचा विश्वास नाही. सगळे घर दिवसभर धूत आणि निथळत असते. वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. पण लक्ष्मीबाई या वेडाचा उगमही सांगतात. नानांचे सासरे वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात हे सोवळे शिरले. सरकारने घरातला माणूस नेला तेव्हा काहीच हातात राहिले नव्हते. आता घागर, धोतर आणि लेकरे एवढ्यावर तरी सत्ता चालवायची, असा त्याचा अर्थ लावला तर चुकणार नाही. (हा अर्थ माझा. लक्ष्मीबाई असले विश्लेषण करत बसत नाहीत, घटना शेजारी ठेवून पुढे जातात.) निमोच्या बापाची आणि एन्कान्तोच्या आजीची बांधणी नेमकी अशीच आहे.

हे घर नाशिकजवळ जलालपूरचे, मग त्यात नगरचे काय, असे कोणी विचारील. नाशिक जिल्हा वेगळा झाला १८६९ मध्ये. जोगळेकर फासावर गेले तेव्हा आणि १८६८ मध्ये लक्ष्मीबाई जन्मल्या तेव्हा तो मुलूख नगरच्या कलेक्टरीतच मोडत होता. पण हा कागदोपत्री मुद्दा झाला. नगरशी खरे नाते गोष्टीच्या उत्तरार्धात जुळते.

त्याआधी एक आक्षेप. धाकाचे कारण सांगितले की धाकाला माफी मिळते, हे म्हणणे खोटे नाही. आजीने केवढे सोसले हे कळल्यावर प्रेक्षक विरघळतो आणि नातवंडांनी काय सोसले ते विसरतो. लक्ष्मीबाई या सापळ्यात सापडत नाहीत, कारण त्या हसतात. नानांच्या वेडापायी आईला किती राबावे लागे, मुलांना कसे बिचकून राहावे लागे, हे त्यांच्या विनोदातूनच कळत जाते. कारण समजले म्हणून कष्टाचा हिशेब पुसला जात नाही. असल्या हसण्याची मोठ्यांना मात्र धास्ती असते. २००८ मध्ये ‘शिनचॅन’ या कार्टूनवर पालकांच्या तक्रारींनंतर भारतात बंदी आली आणि नंतर काटछाट करून ते पुन्हा दाखवले गेले. आईच्या चिडचिडीची टिंगल पाहून पोरे उद्धट होतात, असा सूर होता. पण पोरे आईची चिडचिड घरात बघतातच. शिनचॅनचा दोष एवढाच की आईची टिंगल करताना ती का चिडते याची चौकशी तो फारशी करत नाही.

आता राहुरी. लक्ष्मीबाईंचे लग्न लहानपणीच नारायण वामन टिळकांशी झाले. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षे नवरा-बायकोची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे आल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला ठाण मांडले होते, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये तिथूनच निघाले होते. अशा ख्रिस्ती वस्तीत लक्ष्मीबाई आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवून राहू लागल्या. ज्या सोवळ्याला त्या हसत, तेच आता त्यांच्या हातात होते. बापाचा धाक अंगात मुरतो तो असा. बाप समोर नसला तरी मूल त्याचेच हुकूम पाळत राहते. हे सोवळे सुटले राहुरीला. जातिभेद माणसांनीच केलेले आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या सगळ्यांच्या हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० मध्ये राहुरीलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

कार्टूनपटांचा शेवट याच्याशी ताडून पाहावा. तिथे सुटकेची किल्ली बहुधा मोठ्यांकडे असते. शेवटच्या दहा मिनिटांत बाप हात सोडतो, आजी चूक कबूल करते आणि गळाभेट होते. ‘ब्रेव्ह’मध्ये (२०१२) तर आईला अस्वल बनवून शहाणपण शिकवावे लागते. पडद्याला हे सोयीचे आहे, पण ज्या मुलाचे आईबाप कधीच चूक कबूल करणार नाहीत त्याच्या हाती यातून काही लागत नाही. नाना सोवळे सोडून लेकीची माफी मागायला आले, असे ‘स्मृतिचित्रे’त कुठेही नाही. लेकीनेच ते आपल्यापुरते संपवले, तेही स्वतः आई झाल्यावर.

एका विलक्षण बाईच्या आयुष्यावरून सर्वांसाठी धडा कसा काढावा, आणि हे तर मोठ्यांचे पुस्तक, हाही आक्षेप येईल. सगळ्या मुली लक्ष्मीबाई नसतात हे मान्य. शिवाय धर्मांतराने माहेरचा समाज तुटला, ती किंमत लहान नव्हती. कार्टूनमधल्या निमोला एवढी मोजावी लागत नाही. पण त्यांच्याच घरात दुसरा दाखला आहे. टिळकांनीही तापट बाप सोसला होता आणि आई गेल्यावर लहान वयात घर सोडले होते. तेच टिळक पुढे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. बालकवी ठोंबऱ्यांना या जोडप्याने पोटच्या मुलासारखे वागवले. म्हणून टिळक आदर्श झाले असे नव्हे. बायकोला न विचारता संसाराची उलथापालथ करण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि तेही ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत आले आहे. राहिला मोठ्यांच्या पुस्तकाचा मुद्दा. त्यातले उतारे शाळेच्या पुस्तकांतून मुलांनीच वाचले आहेत आणि नाना त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

विजया मेहतांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी ‘स्मृतिचित्रे’वर चित्रपट केला, तो मोठ्यांसाठी. मराठीत मुलांसाठी कार्टून करू पाहणाऱ्यांनी जलालपूर ते राहुरी एवढाच तुकडा घ्यावा. घागरी आहेत, ओली धोतरे आहेत, मागे फाशीची सावली आहे. फक्त शेवटी नानांना रडवून लेकीच्या गळ्यात पाडू नये.