धावपट्टीखालची शेती

चिखलोलीतील कामगाराचा मुलगा विमानवाहतूक-व्यवस्थापनाची पदवी घेऊ म्हणतो, तेव्हा आम्हांस अभिमान वाटतो. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी श्रोतेहो, एक धडा आम्ही सांगू शकतो. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, हे त्याने शिकावेच; पण जवळचे नेवाळीही शिकावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध १९४५ साली संपले. जमिनी मात्र संरक्षण खात्याकडेच राहिल्या. जून २०१७ मध्ये त्यांच्यासाठीच आंदोलन पेटले. उद्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने धावपट्टीची लांबी मोजताना तिच्याखाली कोणाची शेती गेली, हेही विचारावे. एवढे शिकला, तर त्याची पदवी आमच्या कामाची.