‘चेक इंजिन’चा दिवा : निदानाची योग्य पद्धत

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून प्रत्येक प्रवासी मोटारीत ‘ओबीडी-टू’ ही स्वयंनिदान यंत्रणा सक्तीची आहे. धुरातील प्रदूषणावर परिणाम करणारा बिघाड आढळला की ही यंत्रणा डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लावते.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर काही दिवसांत तपासणी करून घेणे बहुधा पुरेसे ठरते. दिवा लुकलुकत असल्यास मात्र सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते. असे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरून त्याची हानी करते. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

स्टिअरिंगखालील सोळा पिनांच्या सॉकेटला साधा स्कॅनर जोडला की बिघाडाचा कोड वाचता येतो. तथापि कोड लक्षण सांगतो, दोषी भाग नव्हे. ‘पी०४२०’ कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सुचवतो. परंतु एक्झॉस्टमधील गळती किंवा सदोष ऑक्सिजन सेन्सर यांमुळेही तो उमटतो. ‘पी०१७१’ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अधिक. त्यामागे फाटलेली व्हॅक्यूम नळी, मळलेला हवामापक सेन्सर किंवा इंधनाचा अपुरा दाब असू शकतो. ‘पी०४५५’ इंधनवाफेची मोठी गळती दर्शवतो. तिचे कारण कधी टाकीचे सैल झाकण एवढेच असते. म्हणून स्वस्त व सोप्या शक्यता आधी तपासाव्यात आणि चाचणीविना महागडा भाग बदलू नये.

कोड पुसण्याची घाई टाळावी. पुसताना बिघाडाच्या क्षणीची इंजिनाचा वेग, तापमान इत्यादी नोंदही नाहीशी होते. शिवाय अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत कॅलिफोर्नियातील ‘स्मॉग चेक’सारख्या तपासणीत गाडी उत्तीर्ण होत नाही. ब्रिटनमध्येही मे २०१८पासून हा दिवा पेटलेला असल्यास गाडी ‘एमओटी’ चाचणीत नापास ठरू शकते.

खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी वॉरंटी पाहावी. अमेरिकी संघीय नियमांनुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व इंजिन नियंत्रक संगणक यांना ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत संरक्षण असते. गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली तरी ते कायम राहते.