ख्रिस्ती अहिंसावाद आणि सद्गुणनीती

ख्रिस्ती अहिंसावाद आणि सद्गुणनीती : शस्त्र न उचलणे हे आज्ञापालन की अंगी मुरलेले शील, या प्रश्नात शीलाचा पक्ष घेणारी आधुनिक ईश्वरविद्येतील विचारधारा. येशूचा अप्रतिकार ही केवळ खाजगी साधुत्वाची नव्हे, तर सार्वजनिक जीवनाचीही रीत होय, असे मेनोनाइट पंडित जॉन हॉवर्ड योडर (1927–97) याने ‘द पॉलिटिक्स ऑफ जीझस’ (1972) या ग्रंथात प्रतिपादिले, ‘आफ्टर व्हर्च्यू’ (1981) लिहून अ‍ॅलस्डेर मॅकिंटायर याने अ‍ॅरिस्टॉटलचा सद्गुणविचार पुन्हा चर्चेत आणला, आणि गवंड्याच्या पोटी जन्मून स्वतः विटा रचायला शिकलेल्या स्टॅन्ली हॉवरवॉस (ज. 1940) याने, थापी धरणारा हात जसा मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच वळतो, तशी शांतीही मंडळीच्या सहवासातच वळते, असे सांगून दोन्ही धारा जोडल्या. योडरने अनेक स्त्रियांवर केलेले अत्याचार मात्र पुढे उघडकीस आले, आणि शीलाची भाषा बोलणाऱ्या पक्षाला तो डाग सहज पुसता येण्याजोगा नाही.

हिंदुस्थानात, सुरतेच्या मुलखाला, शस्त्र न उचलण्याचा हा विषय परका नाही. 1708 मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे आठ जणांच्या बाप्तिस्म्याने आरंभ झालेला, युद्ध वर्ज्य मानणारा ब्रेदरन पंथ 1894 मध्ये विल्बर स्टोव्हर दांपत्य व बर्था रायन यांच्याबरोबर हिंदुस्थानात आला. वलसाड, डहाणू ही त्याची ठाणी. ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावर बारडोलीपलीकडचे व्यारा हेही त्यांपैकीच. (याच मार्गावरील बारडोलीत 1928 सालच्या साराबंदी सत्याग्रहात जप्तीच्या भयाने म्हशींसह घरात कोंडून घेऊन, तरीही हात न उगारणाऱ्या रयतेने तोच धडा ग्रंथावाचून गिरवला.)

ब्रेदरन पंथाचे शील घडते ते उपदेशापेक्षा प्रीतिभोजनाच्या विधीत. एकजण कमरेला पंचा बांधून घंगाळापुढे गुडघे टेकतो, शेजाऱ्याचे पाय धुऊन पुसतो, आणि मग तोच पंचा धुतल्या पायांचा धनी आपल्या कमरेला बांधून पुढच्यापाशी वळतो. साधे जेवण व प्रभुभोजन त्यानंतर.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये येथील ब्रेदरन सामील झाले. पुढे काहींनी ते विलीनीकरण नाकारले, आणि मिशनच्या मालमत्तेचा दिवाणी दावा 2013 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला.